पत्र्याचा भाव विचारण्याआधी

बेटा,

शेतावरच्या ट्रॅक्टर-शेडसाठी तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं नीट वाचली. पत्र्याचा रंग तिघांनीही विचारलाय; पाया कोण घालणार, हे मात्र एकानेही धड लिहिलेलं नाही. किटवाल्या, म्हणजे शेडचे तयार सुटे भाग पाठवणाऱ्या, कंपनीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘सिव्हिल काम ग्राहकाकडे’ एवढं आहे, म्हणजे पाया तुझा तू बघ. इंदूरच्या सांवेर रोडचा फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंड कापून-जोडून शेड उभारणारा, चौरस फुटाचा एकच दर टाकून मोकळा झालाय. तिसऱ्याचं तर कोटेशनच नाही. व्हॉट्सॲपवर एक आकडा आणि खाली ‘हो जाएगा भिया’. (भिया म्हणजे इंदुरी भाऊ; तुला कुणी भिया म्हणणार नाही, म्हणजे हा मेसेज बाबांना आलेला दिसतोय.)

किट घ्यावं की इथलाच कारागीर गाठावा, असं तू विचारलंस. मी इतकी वर्षं शेडची एस्टिमेटं काढली, त्यावरून सांगतो: जमिनीच्या वरचं आणि खालचं काम जो एका सहीखाली घेईल, त्याला काम दे. किट का कारागीर हा त्यानंतरचा प्रश्न. शेड बिघडलं की भांडण नेहमी खांब पायाला जखडणाऱ्या फाउंडेशन बोल्टपाशी सुरू होतं. लोखंडवाला म्हणतो पाया खचला, गवंडी म्हणतो खांब वाकडा उभा केला, आणि दोघांच्या मध्ये मालक उभा राहतो.

तुझ्या त्या अमेरिकन व्हिडिओंबद्दल. ते लोक ज्याला पोल बार्न म्हणतात ते त्यांच्याकडे १९३० च्या दशकातल्या मंदीत रुळलं, कारण स्वस्त आणि झटपट होतं. दाबाखाली औषध मुरवलेले लाकडी खांब सरळ जमिनीत पुरायचे, त्यावर कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) टाकायच्या आणि पत्रा ठोकायचा. वेगळा जोता नाही, की भिंतीखाली पाया नाही. तिथे त्याचं किट मिळतं, कारण लाकूड, खांबांतलं अंतर, बर्फाचं वजन सगळं ठरून गेलेलं आहे. आपल्याकडे तसं लाकूड सहज मिळत नाही आणि वाळवी कुणाला सोडत नाही, म्हणून खांब लोखंडीच. पण त्यांची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. थंडीत जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली ते खांब नेतात, कारण गोठलेली माती फुगते आणि खांब वर ढकलते. आपल्याकडे बर्फ नाही, पण काळी माती आहे, आणि ती हेच काम पावसाळ्यात करते.

माळव्याची ही माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तू लहानपणापासून पाहतेस. त्याच मातीत तीन फुटांवर खांब टेकवला तर तो दरवर्षी थोडा वर, थोडा खाली होत राहतो, आणि शेजारचा खांब त्याच्याबरोबर तेवढाच हलेल याची खात्री नसते. मग पत्र्याची भोकं लांबट होतात, शटर अडकायला लागतं. म्हणून कुणालाही बोलावण्याआधी जेसीबीने शेडच्या दोन टोकांना खड्डे घे आणि मुरूम किती खाली लागतो ते बघ. चार-पाच फुटांवर घट्ट मुरूम लागला तर साधा काँक्रीटचा ठोकळा मुरमात रोवून काम भागतं. काळी माती खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल विचार. काळ्या मातीसाठी रुडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) ही पद्धत विकसित केली. गोल भोक पाडून तळाशी ते फुगवतात आणि सळई घालून काँक्रीट भरतात. ऋतूप्रमाणे माती जिथवर हलते त्याच्या खाली, साधारण साडेतीन मीटरपर्यंत, ती नेतात. खोलीचा शेवटचा शब्द इंजिनिअरचा. आणि खणलेली काळी माती पायाभोवती परत भरू देऊ नकोस. मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसून घे. मजूर कंटाळा करतात, तेव्हा तिथे उभी राहा.

त्या फुगवलेल्या तळाचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि शेतकरी इथेच चुकतो. आपण समजतो की पाया शेडचं वजन पेलण्यासाठी असतो. पत्र्याच्या शेडला वजन असतंच किती? पाया असतो तो शेड धरून ठेवायला. वाऱ्याच्या भारासाठीचं भारतीय मानक ८७५, भाग तीन, त्यात भोपाळसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. इंदूरकडच्या शेडला डिझायनर साधारण तोच धरतात. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो भरतो. वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढतो, आणि तुझ्या शेडची एक बाजू ट्रॅक्टरसाठी पूर्ण उघडी आहे, म्हणजे आत शिरलेला वारा खालूनही ढकलणार. तीन बाजू बंद आणि एक उघडी हा सगळ्यात वाईट प्रकार. पत्रा, पर्लिन (पत्रा ज्यावर बसतो ते आडवे लोखंड), कैची मिळून वजन चौरस मीटरला १५-२० किलो. म्हणजे स्थूल हिशेबाने ७० किलोची ओढ शिल्लक राहते, आणि हा हिशेब मी हात आखडूनच केलाय.

आता तुझं शेड घे: ४० बाय ६५ फूट, म्हणजे १२ बाय २० मीटर, खांब दर ५ मीटरला. मधल्या एका खांबाच्या वाट्याला ३० चौरस मीटर छप्पर येतं. त्याला दोन टनांहून जास्त ताकदीने वर उपटायचा प्रयत्न होणार. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २.४ टन. दीड बाय दीड फुटाच्या आणि तीन फूट खोल खड्ड्यात मावणारं काँक्रीट अर्धा टनसुद्धा भरत नाही. बाकीचा भार मातीच्या पकडीवर, आणि मे-जूनमध्ये, वळवाचं वादळ येतं त्याच सुमाराला, ती माती भेगाळून खांबापासून सुटलेली असते. देपालपूरच्या बाजूला एक शेड मी वादळानंतर पाहिलं होतं. पत्र्याचा एक स्क्रू सुटला नव्हता, वेल्डिंग उत्तम होतं, आणि सगळे खांब मुळा उपटावा तसे बुडख्याच्या काँक्रीटसकट बाहेर आले होते. फॅब्रिकेटरचं काम खरंच चोख होतं. पाया त्याच्याकडे नव्हता.

म्हणून तिघांनाही एकच प्रश्न लिहून पाठव: वारा वर ओढतो त्याचा हिशेब कुठल्या वेगाने धरलाय आणि पायाचं ड्रॉइंग कुठे आहे? किट कंपनी याचं उत्तर देऊ शकेल. त्यांच्याकडे डिझाइनचा माणूस असतो, आणि प्रत्येक खांबाच्या तळाशी येणारे भार छापलेला कागद ते देतात. तो कागद पायाच्या इंजिनिअरच्या हातात पडला पाहिजे. इतकं करूनही पाया ते घेणार नसतील, तर निदान बोल्टची जागा, उंची आणि टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारा साचा) त्यांच्याच माणसाने येऊन तपासून सही करावी, हे ऑर्डरमध्ये घाल. फॅब्रिकेटरकडे ड्रॉइंग नसेल. त्यात त्याचा कमीपणा नाही, कुणी मागतच नाही. इंदुरात एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून बाहेर पडलेले स्ट्रक्चरल इंजिनिअर पुष्कळ आहेत. एकाला स्वतंत्र फी देऊन पाया आणि लोखंड दोन्ही डिझाइन करून घे आणि फॅब्रिकेटरला सांग, हे ड्रॉइंग, यावर भाव दे. बरोबर गवंडीही त्याच्याच हाताखाली ठेव.

माझा कल सांगून टाकतो. ४० फुटांच्या गाळ्याला तू इंजिनिअरचं ड्रॉइंग आणि सांवेर रोडचा फॅब्रिकेटर हाच रस्ता धर. खांबाशिवाय ७०-८० फूट मोकळं हवं असतं तर कंपनीचं प्री-इंजिनिअर्ड (कारखान्यात बनून येणारं) शेड घे म्हटलं असतं. इतक्या लहान कामाला त्यांच्या ऑफिसचा खर्चच तुझ्या अंगावर येतो, आणि पुढे एक पर्लिन वाकली तर त्यांचा माणूस कधी येणार? फॅब्रिकेटर निदान मोटारसायकलवर येईल. तिसऱ्याला नाही म्हण, पण बाबांकडून सांगव; त्यांची ओळख आहे.

चौरस फुटाच्या दरावर जाऊ नकोस. त्या दरात काय भरलंय ते वजनातून कळतं. दोघांकडूनही एकूण लोखंड किती किलो, ते लिहून घे. ‘तीन इंची पाइप’ म्हणजे काय, हेही विचार. त्याचा बाहेरचा व्यास ८८.९ मिलिमीटर ठरलेला असतो, पण हलक्या वर्गात जाडी ३.२ आणि मध्यमात ४ मिलिमीटर. सहा मीटरच्या एका नगात हा फरक जवळजवळ १० किलोंचा पडतो, आणि रंग मारला की डोळ्याला काही कळत नाही. मानकाच्या पाइपावर रंगाचा पट्टा असतो: पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जड. माल आला की आधी पट्टे बघ, मग धर्मकाट्याची (गाडीसकट वजन करतात त्या काट्याची) पावती घे. लोहा मंडीतून, म्हणजे इंदूरच्या लोखंड बाजारातून, माल तूच उचललास आणि फॅब्रिकेटरला फक्त मजुरी दिलीस तर त्रास वाढतो, पण पाइपात काय आलं हे तुझ्या डोळ्यांसमोर राहतं. तुझ्यात तो त्रास घेण्याची उमेद आहे, म्हणून सुचवतोय. प्रत्येकाला सुचवत नाही.

पत्र्याचंही तसंच. ‘अर्धा एमएम’ म्हणजे रंग आणि मुलामा धरून अर्धा, की नुसतं पोलाद अर्धा? विकणारा पहिलं सांगतो, घेणारा दुसरं समजतो. ॲल्युमिनियम-झिंक मुलाम्याचा पत्रा घेणार असशील तर चौरस मीटरला १५० ग्रॅमचा मुलामा बिलावर लिहून माग. स्क्रूखालचा रबरी वायसर दाबून चपटा झाला की उन्हात दोन-तीन वर्षांत फाटतो आणि गळती तिथूनच सुरू होते. ड्रिल मशीन घेतलेल्या पोराला हे आधी सांगावं लागतं.

पन्हाळ कुणीच कोटेशनमध्ये धरलेली नाही. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तुझ्या छपरावरून १२ हजार लिटर पाणी खाली येणार, ते थेट खांबांच्या बुडाशी, त्याच काळ्या मातीत. पन्हाळ, उतरता पाइप आणि भोवती तीन-चार फुटांचा उताराचा कोबा हे पायाच्याच कामात धर.

फॅब्रिकेटर निवडताना त्याच्या मोबाइलमधले फोटो बघू नकोस, त्यात सगळी शेडं नवी असतात. पाच-सहा पावसाळे झालेलं एखादं दाखव म्हण आणि त्याला न घेता जा. खांबाच्या तळाची बेस प्लेट बघ. ती मातीत गाडलेली, गंजून पापुद्रे सुटलेली असेल तर तुझ्याकडेही तेच होणार. ती जमिनीच्या वर, काँक्रीटवर बसलेली हवी. मालकाला ‘काम कसं केलं’ असं विचारू नकोस, सगळे चांगलंच म्हणतात. पैसे पूर्ण दिल्यावर बोलावलं तेव्हा तो आला का, एवढं विचार.

उंचीसाठी ट्रॉली उचलून मोजून घे आणि त्यावर दोन फूट ठेव. लसूण आत टांगणार किंवा पसरणार असशील तर आढ्याला हवा निघायला वाट हवी, नाहीतर उन्हाळ्यात पत्र्याखाली तो वाफेनेच जाईल. पुढे कुणाला भाड्याने द्यायचं डोक्यात असेल तर डायव्हर्शनचं, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करण्याचं, पटवाऱ्याकडे (तलाठ्याकडे) आताच विचार. कर्ज काढणार असशील तर बँकेत कृषी पायाभूत सुविधा निधीचं नाव घे. २०२० पासूनची ही योजना आहे, २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलत मिळते. ती अजून चालू आहे का आणि तुझं शेड त्यात बसतं का, हे मॅनेजरकडून लेखी घे. आणि तिघांच्याही दरांवर १८ टक्के जीएसटी धरलाय की नाही ते बघ. मला एकातच दिसला.

पैसे टप्प्याने दे. थोडा आगाऊ, पाया झाल्यावर, लोखंड शेतावर आल्यावर, उभं राहिल्यावर. शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा होईपर्यंत हातात ठेव. फॅब्रिकेटर कुरकुर करेल. मग पाचावर ये, पण शून्यावर नको.

जेसीबी आला की खड्ड्यात टेप लावून फोटो पाठव. काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे सुरू होतो, ते दिसलं पाहिजे. इंजिनिअरशी बोलताना मला फोनवर घे, मी मध्ये बोलणार नाही. म्हणजे, फारसं नाही.

तुझा
मामा