पणजोबांच्या मोडी खरेदीखतावरून जमीन खरंच विकली होती असं समजायचं का?

लगेच तसं समजू नका. दख्खनमध्ये तेव्हा बरेच सावकार कर्ज द्यायचे पण कागद सरळ खरेदीखताचा करून घ्यायचे, पैसे फेडले की जमीन परत ही बोली फक्त तोंडी, आणि वाचता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी करायचा, फार वाईट वाटतं ते कागद बघताना. १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांची खतं जाळली ती याच रागातून, मग १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा आला आणि गावच्या रजिस्ट्रारसमोर दस्त लिहायची सोय झाली. त्यामुळे आधी साल बघा, चतुःसीमा नीट वाचून घ्या आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कडईपत्रक (जमिनीची जुनी सरकारी नोंद), जुने फेरफार काढा. खतानंतरही तुमचेच लोक ती जमीन कसत असतील तर ते गहाण असायची शक्यता बरीच आहे.