आधी कागद, मग फाइल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल रात्री वाचलं आणि आज सकाळी पुन्हा वाचलं. मालिकेचं पार्श्वसंगीत घेऊ की त्या गायिकेचा अल्बम, या प्रश्नावर तू दोन पानं खर्च केली आहेस. खरी गोष्ट मात्र शेवटी शेवटी, कंसात, चोरट्यासारखी लिहून टाकलीस: ती गायिका म्हणते, श्रेयात नाव कुणाचं ते नंतर बघू.

त्या कंसाने माझी झोप उडवली.

मालिका घे, अल्बम घे, झेपत असेल तर दोन्ही घे. मालिकेत संवादाच्या खाली वाजत राहायला शिकशील आणि गायिकेबरोबर तिच्या श्वासामागे थांबायला. एकाचा दुसऱ्याला फायदाच होतो. ध्वनिमुद्रणाचा दर्जा, स्टेम्स म्हणजे वाद्यगटांच्या वेगळ्या फाइली, वाहिनीची आवाजाच्या पातळीची अट, हे सगळं तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, त्यावर मी बोलत नाही. मी एकच गोष्ट बोलणार आहे आणि कंटाळा येईपर्यंत बोलणार आहे. आधी कागद, मग फाइल.

गाणं ऐकायला एक असलं तरी मालमत्ता म्हणून ती दोन असतात. एक रचना, म्हणजे चाल आणि शब्द. दुसरं ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. रचनेला आयएसडब्ल्यूसी नावाचा ओळखक्रमांक मिळतो आणि उद्या ती दहा जणांनी गायली तरी तो बदलत नाही. ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी नावाचा ओळखक्रमांक असतो, आणि प्रत्येक नव्या मुद्रणाला नवा. तू 'प्रोड्यूसर' म्हणून ट्रॅक बांधलास तर दुसऱ्या मालमत्तेबद्दल बोलणी करायची. पण तूच लिहिलंयस की मुखड्याची चाल तुझ्या कीबोर्डवर सुचली आणि तिने त्यावर शब्द बसवले. मग तू पहिल्या मालमत्तेतही आहेस! किती टक्के ते तुम्ही दोघं ठरवा. बेरीज १०० झाली पाहिजे आणि खाली दोघांच्या सह्या पाहिजेत. त्या एका पानाला स्प्लिट शीट म्हणतात. दहा मिनिटांचं काम आहे रे. एका रिव्हर्बवर, त्या घुमाऱ्याच्या इफेक्टवर, तू याहून जास्त वेळ घालवतोस.

"मैत्रीत हे विचारणं बरं दिसत नाही," असं तू लिहितोस. मलाही बरं दिसत नव्हतं.

एका संगीतकार मित्रासाठी मी काही वर्षं प्रोग्रॅमिंग, म्हणजे संगणकावर वाद्यं रचून देण्याचं काम, करत होते. एका मालिकेचं शीर्षकसंगीत हवं होतं, सकाळपर्यंत. त्याला ताप होता. अर्ध्या मिनिटाची धून मी रात्रीतून केली आणि त्याच्याच मशीनवर सेशन, म्हणजे त्या कामाची मूळ फाइल, सेव्ह करून घरी गेले. "आपल्यात कसला कागद?" हे वाक्य त्याने म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं. मालिका बरीच वर्षं चालली. रोज संध्याकाळी शेजारच्या भिंतीतून माझी धून ऐकू यायची, आणि श्रेयनामावलीत मी 'आणि टीम' होते. रॉयल्टीचा एक रुपया आला नाही, ते सोड. सगळ्यात वाईट हे की काही वर्षांनी माझी मलाच खात्री वाटेना. सेशन माझ्याकडे नाही, तारीख नाही, ओळ नाही. त्यातले उतरते चार स्वर माझे की त्याने आधी गुणगुणलेले? आजही सांगू शकत नाही. कागद असता तर निदान माझी आठवण तरी माझी राहिली असती.

आता मालिकेचं. प्रत्येक भागाची क्यू शीट बनते: कुठला तुकडा, किती सेकंद, शीर्षकसंगीत की पार्श्वसंगीत, रचनाकार कोण, त्याचा वाटा किती. रॉयल्टी वाटणाऱ्या संस्था त्या शीटवरूनच चालतात. शीटवर नाव नसेल, तर त्यांच्या लेखी ते संगीत तू केलेलंच नाही. आणि ती भरतं कोण? बहुतेक वेळा निर्मितीसंस्थेतलं कुणीतरी, काम संपल्यावर बऱ्याच दिवसांनी, हाताशी असलेल्या फाइलींच्या नावांवरून. 'फायनल२_नवीन' असं नाव दिलंस तर त्या माणसाला काय कळणार? फाइलच्या नावात तुझं नाव घाल आणि स्टेम्सबरोबर टाइमकोडसकट, म्हणजे कुठला तुकडा कितव्या सेकंदाला येतो त्यासकट, स्वतःची यादी पाठव. आणि हो, करारात 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे' असं दिसलं तर सही करण्याआधी जाणकार वकिलाला दाखव. यातलं काय चालतं आणि काय नाही, हे देशादेशाच्या कायद्यावर असतं.

हे मागणं कोतेपणाचं वाटतं ना? १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्ट बुर्जे नावाचा गीतकार बसला होता. तिथे त्याचंच गाणं वाजत होतं, फुकट. त्याने बिल द्यायला नकार दिला: तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, मी तुमच्या पेयांचे का देऊ? प्रकरण न्यायालयात गेलं, तो जिंकला, आणि १८५१ मध्ये गाण्यांचे पैसे वसूल करणारी सासेम ही संस्था उभी राहिली. आज जगभर ज्या संस्था हे पैसे गोळा करतात, त्यांची सुरुवात एका न दिलेल्या बिलातून झाली. त्या संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्यांना तोही कोताच वाटला असेल.

मलाही लोक 'कागदवाली' म्हणतात. एका गायकाने तर माझ्याबरोबरचं काम अर्धवट सोडलं, कारण पहिल्याच बैठकीत मी स्प्लिट शीट पुढे केली. त्याला नुकताच मोठा धक्का बसला होता, आणि तो दिवस मी टाळायला हवा होता, हे मान्य. पण आठवडाभरानंतर तरी मी विचारलंच असतं. तेव्हाही तो गेलाच असता, असं मी स्वतःला सांगते. चुकत असेनही. पण चुकायचंच तर या बाजूला चुकलेलं मला परवडतं.

तर आज संध्याकाळी तिला फोन कर. रागाने नको, आडवळणानेही नको. "मिक्स पाठवण्याआधी वाटे लिहून टाकू," एवढंच म्हण. ती चांगली असेल तर हसून हो म्हणेल. आढेवेढे घेतले तर फाइल तुझ्याकडेच आहे, हे विसरू नकोस.

सह्या झाल्या की मला गाणं पाठव, त्याआधी नको. मागच्या वेळी पाठवलेल्या तुकड्यात दुसऱ्या कडव्याखालचा पॅड, तो मागे लांबवत धरलेला कीबोर्डचा सूर, फार मोठा होता, तिचे शब्द बुडत होते. तेवढा हळू कर.

तुझी,
ताई