वर्षातून एक पत्र: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीच्या सुमारास लांबच्या नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना घरची वर्षभराची हकिकत कळवणारं एक पत्र पाठवायचं, या विषयावर गेल्या महिन्यात प्रश्न मागवले होते. अधिक ज्येष्ठामुळे २०२६ ची दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: लिहायला बसलो की तीन पानं होतात. एवढं पाठवूनही कोणी उलट काही कळवत नाही. किती लिहावं आणि काय? (पुणे)

उत्तर: ए-फोर कागदाची एकच बाजू, तीही पूर्ण भरायची नाही. १२ पॉइंटच्या अक्षरात साडेतीनशे शब्द लिहिले की खाली चार बोटं जागा उरते. ती मुद्दाम ठेवायची, कारण प्रत्येकासाठी हाताने दोन-तीन ओळी तिथेच लिहायच्या आहेत. छापील मजकूर सगळ्यांसाठी असतो. उत्तर येतं ते बहुधा या हाताच्या ओळींना. चाळीस पत्रं असतील तर रोज आठ घ्या, पाच संध्याकाळी पुरतात. एका बैठकीत सगळी संपवायला गेलं की विसाव्या पत्रापासून सगळ्यांना तीच ओळ जाऊ लागते.

तीन पानं होतात, कारण आपण जानेवारीपासून महिन्यामागून महिना लिहीत जातो. सहल, लग्न, परीक्षा, नवी गाडी, सगळं एकाच मापाने येतं. त्याऐवजी घरातल्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारा: या वर्षी तुझ्या रोजच्या दिवसात काय बदललं? जे सांगतील ते प्रत्येकी तीन वाक्यांत लिहा. ‘मुलीला दहावीला ९४ टक्के मिळाले’ यावर ‘अभिनंदन’ यापलीकडे बोलण्यासारखं काही नसतं, आणि ज्यांच्या मुलाला कमी मिळाले ते तेवढंही बोलणार नाहीत. ‘दहावीनंतर तिने आपणहून कला शाखा घेतली, सकाळी सातच्या एसटीने कॉलेजला जाते’ असं लिहिलं तर मामाला तिच्या विषयांबद्दल विचारता येतं, आत्येला आपल्या वेळची एसटी आठवते. टक्के, पगार, फ्लॅटचं क्षेत्रफळ हे आकडे काढून टाकले की पत्रातला बराचसा बडेजाव आपोआप जातो.

वाईट बातमीही लिहावी, पण एका सरळ वाक्यात. ‘मार्चमध्ये बाबांची बायपास झाली, आता रोज दोन किलोमीटर चालतात.’ रिपोर्टचे तपशील जवळच्या चार जणांना फोनवर सांगा. ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्याला ते वाक्य आधी दाखवा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना तर नक्कीच, त्यांना त्यांच्याबद्दलचा मजकूर गावभर गेलेला आवडत नाही आणि त्यांचं बरोबर असतं.

शेवट प्रश्नाने करा. ‘तुम्ही सगळे कसे आहात?’ याला ‘मजेत’ एवढंच उत्तर येतं. हाताच्या ओळींत नेमकं विचारा: ऑपरेशननंतर जिना चढता येतो का? अंगणातला फणस या वर्षी धरला का? एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न असला की ते देण्याचा कंटाळा येत नाही.

दोन गोष्टी मात्र लिहू नका: घर कधी बंद असणार ते, आणि मुलांच्या शाळेचं नाव व पूर्ण जन्मतारीख. पीडीएफ पुढे कुणाकुणाकडे जाते हे आपल्या हातात राहत नाही.

प्रश्न: एकच पत्र आत्या-काकांना, वर्गमित्रांना आणि भाचेमंडळींना जाणार. मायना काय घालावा? (सातारा)

उत्तर: छापील भागात ‘सप्रेम नमस्कार’ सगळ्यांना चालतो. नावाची जागा कोरी ठेवून ती हाताने भरा: वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार’, धाकट्यांना ‘चि.’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, मित्राला नुसतं ज्या नावाने हाक मारता ते. वर छापलेलं ‘सप्रेम नमस्कार’ आणि खाली पुन्हा ‘साष्टांग नमस्कार’ असं दोनदा होऊ नये, म्हणून मायना पूर्णच कोरा ठेवणं सोपं पडतं. ‘कळावे, लोभ असावा’ छापा. ता.क. मात्र हातानेच.

प्रश्न: गेल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्टने सगळ्यांना पत्र पाठवलं. निम्म्या लोकांना मिळालंच नाही. फोन बिघडला होता का? (ठाणे)

उत्तर: फोन ठीक असावा. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच पोहोचतो. तुमच्याकडे त्यांचा नंबर आहे एवढं पुरत नाही. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही त्यांच्या फोनमध्ये तुमचा जुनाच नंबर असतो, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप तेच नेमके गळतात. पाठवलेला मेसेज दाबून धरा आणि ‘इन्फो’ उघडा. तिथे कोणाला पोहोचला आणि कोणी वाचला त्यांची नावं दिसतात. उरलेल्यांना स्वतंत्र मेसेज करा आणि नंबर सेव्ह करायला सांगा. पुढे नंबर बदललात तर अ‍ॅपच्या सेटिंगमधली नंबर बदलण्याची सोय वापरा, तिथून ओळखीच्यांना कळवता येतं. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, त्यामुळे मर्यादेची अडचण घरगुती पत्राला सहसा येत नाही.

ग्रुप करून पत्र टाकणं आम्ही सुचवणार नाही. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, तासाभरात कंदिलांच्या चित्रांखाली पत्र वर निघून जातं, आणि चारचौघांत कोणी मनातलं लिहीत नाही. सर्वांत चांगलं म्हणजे एकेकाला पाठवणं: आधी नाव घेऊन दोन ओळी, मग सामाईक मजकूर. वेळ लागतो, पण उत्तरं याच पद्धतीला येतात.

ईमेलने पाठवायचं तर सगळे पत्ते ‘बीसीसी’मध्ये, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला न दिसणाऱ्या रकान्यात घाला, नाहीतर एकाच्या ‘रिप्लाय ऑल’ने सगळ्यांच्या पेट्या भरतात. जीमेलच्या साध्या खात्यातून दिवसाला ५०० जणांना पाठवता येतं, पण एकदम गठ्ठा सोडला तर काही पत्रं स्पॅममध्ये जाऊ शकतात. पंधरा-वीस जणांचे गट करा. मजकूर ईमेलमध्येच लिहा, फक्त जोडपत्र ठेवलं तर अनेक जण ‘नंतर बघू’ म्हणून उघडत नाहीत.

आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाठवू नका. वसुबारसेच्या आधी, नाहीतर भाऊबीज झाल्यावर. मधल्या दिवसांत फोन शुभेच्छांनी तुंबलेला असतो.

प्रश्न: मित्राकडे पत्र उघडलं तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली. फोटोही छापल्यावर पुसट आला. (नागपूर)

उत्तर: पत्र कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालं असणार. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेलं असतं, म्हणून समोर तो फॉन्ट नसला की मूळचं इंग्रजी दिसतं. युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठी अक्षर मराठीच राहतं. जुना मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार, अवतरणचिन्हं, आकडे आणि ‘दुसऱ्या’, ‘सगळ्यांच्या’ असे शब्द डोळ्यांखालून घाला, चुका बहुधा तिथेच राहतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मोफत मिळतो. वर्डची फाइल पाठवू नका. समोरच्याकडे फॉन्ट बदलला की ओळी सरकतात आणि एका पानाचं पत्र दुसऱ्या पानावर सांडतं. पीडीएफ करा आणि पाठवण्याआधी दुसऱ्याच कुणाच्या फोनवर उघडून बघा.

फोटोचं कारण वेगळं. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान केला जातो. पडद्यावर तो बरा दिसतो, कागदावर उघडा पडतो. ४ बाय ६ इंचांच्या चांगल्या छपाईसाठी निदान १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. ज्याच्या फोनमध्ये मूळ फोटो आहे त्याच्याकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. एकच फोटो निवडा, सगळे असलेला, आणि डावीकडून उजवीकडे नावं पत्रातच लिहा. फोटोच्या मागे बॉलपेनने दाबून लिहिलं तर पुढे वळ उमटतो. मुलं तीन वर्षांत ओळखू येईनाशी होतात, म्हणून नावांबरोबर वयंही हवीत.

प्रश्न: ज्यांच्या घरी या वर्षी मृत्यू झाला आहे त्यांना हे पत्र पाठवावं का? आणि आमच्याच घरी तसं झालं असेल तर? (कोल्हापूर)

उत्तर: त्यांना सामाईक पत्र पाठवू नका, पण पत्र नक्की पाठवा. पहिल्या दिवाळीला त्या घरी कंदील लागत नाही, फराळ होत नाही, नातेवाईक ताट घेऊन जातात. लांब राहणाऱ्यांना तेही करता येत नाही, आणि शुभेच्छा द्यायच्या नाहीत म्हणून ते गप्प बसतात. त्यामुळे त्या घराला नेमक्या याच दिवसांत कमी पत्रं, कमी फोन येतात. साध्या कागदावर, पणत्यांची किनार नसलेल्या, हाताने आठ-दहा ओळी लिहा. ‘शुभ दीपावली’ नको. गेलेल्या माणसाचं नाव घ्या आणि त्याची एक खरी आठवण लिहा, जी कदाचित घरच्यांना माहीत नसेल. ‘काही लागलं तर सांगा’ याऐवजी आपण काय करणार ते लिहा: ‘भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करतो.’ आणि तो करा. आपल्या घरची हकिकत संक्रांतीला कळवता येईल.

इथे एक चूक फार दुखावते. पत्त्यांच्या यादीत जुनंच नाव राहतं आणि लखोटा गेलेल्या माणसाच्या नावाने जातो, किंवा मागे राहिलेल्या बाईंच्या नावाआधी ‘सौ.’ छापलं जातं. बातमी कळेल त्याच दिवशी यादी दुरुस्त करा. ‘श्रीमती’ लिहा, किंवा कोणतीही उपाधी न लावता नुसतं नाव.

स्वतःच्या घरी असं वर्ष असेल तर सणाचं निमित्त सोडा. १ जानेवारीला किंवा वर्षश्राद्धानंतर पत्र पाठवा. बातमी दुसऱ्याच वाक्यात, तारखेसह द्या. काही जणांना ती याच पत्रातून प्रथम कळणार असते. सहलीची हकिकत वाचता वाचता चौथ्या परिच्छेदात ती समोर येणं क्रूर आहे.

प्रश्न: आमची मुलं मराठी बोलतात पण वाचत नाहीत. शेजारी अमेरिकन आहेत. दोन पत्रं करावीत का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: हो, आणि वेगवेगळ्या वेळी. भारतातल्या मंडळींना मराठी पत्र दिवाळीला. तुमच्या शेजाऱ्यांकडे कुटुंबाचं पत्र ख्रिसमसच्या कार्डाबरोबर पाठवायची पद्धत आहे, तेव्हा इंग्रजी पत्र नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगनंतर धाडा. ते मराठीचं भाषांतर करू नका. शेजाऱ्यांना बेबीमावशी कोण ते ठाऊक नाही, आणि मावशीला तिथल्या सॉकरच्या सामन्यांत रस नाही. मुलांना त्यांच्या दोन ओळी येईल त्या लिपीत, स्वतःच्या अक्षरात लिहू द्या. मराठी पत्र मोठ्याने वाचून रेकॉर्डही करा, साडेतीनशे शब्दांना तीन मिनिटं लागतात. वाचता न येणाऱ्या भाचरांना आणि दिसत नसलेल्या आजोबांना तेच पाठवायचं. आजी-आजोबांसाठी १६ ते १८ पॉइंटच्या अक्षरात वेगळी पीडीएफ करा आणि ती गावातल्या कोणाकडून छापून त्यांच्या हातात द्या. तिकडून टपालाने येण्यापेक्षा ते लवकर होतं.

प्रश्न: टपालाने पाठवताना काय सांभाळावं? (बडोदा)

उत्तर: वजन. ८० ग्रॅमच्या ए-फोर कागदाचं एक पान ५ ग्रॅम भरतं. एक पान, एक फोटो आणि साधा लखोटा २० ग्रॅमच्या आत बसतो. दोन पानं आणि जाड लखोटा घेतला की फोटोमुळे काटा पुढे जाऊ शकतो. देशात साध्या पत्राला पहिल्या २० ग्रॅमला ५ रुपये पडतात. कमी तिकीट लावलं तर पत्र नॉटपेड होतं आणि तुटीच्या दुप्पट पैसे ज्याला पत्र मिळतं त्याच्याकडून घेतले जातात. म्हणून एक तयार लखोटा पोस्टात नेऊन तोलून घ्या आणि मग सगळ्यांना तिकिटं लावा. स्टेपल पिन नको. अक्षता, बिया, सुकी फुलं परदेशी पत्रात अजिबात घालू नका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तपासणीत अडकतात. महाराष्ट्राबाहेरचा पत्ता इंग्रजीत, पिन सहाही आकड्यांचा. परदेशी पत्रं किमान चार आठवडे आधी टाका. आणि चुकलंच तर हळहळू नका: तिळगुळाबरोबर गेलेलं पत्र रथसप्तमीपर्यंत वेळेवरच असतं.

प्रश्न: एका जुन्या मैत्रिणीला तीन वर्षं पत्र पाठवतेय. उत्तर नाही. थांबावं का? (डोंबिवली)

उत्तर: आधी पत्र पोहोचतंय का ते बघा. लखोट्यावर मागे स्वतःचा पूर्ण पत्ता आहे का? नसेल तर न मिळालेलं पत्र तुमच्याकडे सहसा परत येत नाही. पत्ता बदलला असेल तर दोघींच्या ओळखीच्या कुणाला तरी विचारा. पोहोचत असेल तर या वर्षी मार्ग बदला: दिवाळीच्या गर्दीत नको, तिच्या वाढदिवसाला फक्त हाताने लिहिलेलं पोस्टकार्ड, त्यात एक आठवण आणि तुमचा फोन नंबर. ‘उत्तर का देत नाहीस’ असं चुकूनही नको. उत्तर राहून गेलं की माणसाला अवघडल्यासारखं होतं, दर वर्षी ते वाढतं, आणि अशा वाक्याने ते पक्कं होतं.

पत्त्यांच्या वहीत नाव, पत्ता, फोन, घरात कोण कोण, यांच्या शेजारी आणखी दोन रकाने आखा: ‘त्यांनी शेवटचं कधी कळवलं’ आणि ‘काय विचारायचं राहिलं’. दुसरा रकाना वर्षभर भरत राहा. तिच्याबद्दल काही कानावर आलं की त्याच दिवशी तिथे टिपून ठेवा, म्हणजे ऑक्टोबरात तिच्यासाठीच्या दोन ओळी शोधाव्या लागणार नाहीत. तिने स्पष्ट ‘नको’ म्हटलं नसेल तर पत्र चालू ठेवा.