रुग्णालयातील मुक्काम आणि मोबाइल इंटरनेट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पायाच्या शस्त्रक्रियेमुळे मला तीन आठवडे रुग्णालयात राहायचे आहे. खाटेवर जेमतेम रेंज येते. मोठा डेटा प्लॅन घेतल्यास इंटरनेट सुधारेल का?

उत्तर: आपली अडचण डेटाची नसून रेंजची आहे, आणि प्लॅन कितीही मोठा घेतला तरी रेंज वाढत नाही. जाड काँक्रीटच्या भिंती, क्ष-किरण विभागाभोवतीचे शिशाचे अस्तर आणि उष्णता अडवण्यासाठी खिडक्यांच्या काचांवर दिलेला धातूचा पातळ थर या सगळ्यांमुळे रेडिओ लहरी क्षीण होतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी आत पोहोचतात. फाइव्ह-जीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी मात्र बऱ्याच अंशी बाहेरच अडतात. त्यामुळे फोन सतत फाइव्ह-जी आणि फोर-जी यांच्यात अदलाबदल करत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन तो फोर-जीवर ठेवून पाहावा.

त्यानेही फरक पडला नाही, तर दुसरे सिम घेण्याचा विचार करावा, पण आधी खात्री करून घ्यावी. भेटायला येणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे वेगळ्या कंपनीचे सिम आहे, त्यांचा फोन आपल्या खाटेवरच आणि शक्यतो संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी तपासावा, कारण वॉर्डाच्या दारापाशी मिळणारी रेंज उशापाशी मिळेलच असे नाही. जे नेटवर्क चालेल, त्याचे अल्प मुदतीचे प्रीपेड सिम पुरेसे आहे. फोनमध्ये ई-सिमची (म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणाऱ्या सिमची) सोय असेल तर दुकानात जाण्याची गरज बहुधा पडत नाही. मात्र ई-सिम फोनमध्ये उतरवून घेताना वाय-फाय किंवा कोणाचा तरी हॉटस्पॉट लागतो. रेंज केवळ खिडकीपाशीच येत असेल, तर परिचारिकांना विचारून तेथे जुना फोन किंवा खिशात मावणारा राउटर ठेवावा आणि त्याचा हॉटस्पॉट खाटेवर वापरावा.

प्रश्न: आई रुग्णालयातून रोज आमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलते आणि रात्री चित्रपट पाहते. डेटा दोन दिवसांत संपतो. कुठे काटकसर करावी?

उत्तर: चित्रपटांत करावी, बोलण्यात मुळीच करू नये. एचडी दर्जाचा चित्रपट तासाला ३ जीबीपर्यंत डेटा घेऊ शकतो, साध्या दर्जाचा साधारण १ जीबीच्या आत राहतो, आणि लहान पडद्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. त्याहून चांगले म्हणजे चित्रपट घरच्या वाय-फायवर डाउनलोड करून तो फोन किंवा टॅब्लेट त्यांना नेऊन द्यावा. छायाचित्रांचा आपोआप होणारा बॅकअप आणि ॲपचे अपडेट मोबाइल डेटावर बंद ठेवावेत.

प्रश्न: रुग्णालयाच्या मोफत वाय-फायवरून बँकेचे व्यवहार करावेत का?

उत्तर: बँकेचे अधिकृत ॲप माहितीची देवाणघेवाण कूटबद्ध स्वरूपात करते, त्यामुळे केवळ वाय-फाय सार्वजनिक आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. तरीही पैशांच्या कामासाठी स्वतःचा मोबाइल डेटा वापरावा, असेच मी सुचवेन. नेटवर्कचे नेमके नाव कर्मचाऱ्यांकडून विचारून घ्यावे, कारण मिळत्याजुळत्या नावाने बनावट नेटवर्क तयार करणे अवघड नसते. वाय-फायचे लॉगिनचे पान उघडत नसेल, तर व्हीपीएन (इंटरनेटची ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे ॲप) फोनमध्ये सुरू असल्यास ते तात्पुरते बंद करून पाहावे.

प्रश्न: वडिलांना पेसमेकर बसवला आहे. त्यांनी फोन वापरला तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावा. तो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये आणि पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. काही फोनमध्ये चुंबक असतात, तेव्हा झोपताना फोन छातीवर ठेवणेही टाळावे. वॉर्डातील यंत्रांच्या बाबतीत रुग्णालयाचा नियम अंतिम मानावा. अतिदक्षता विभागात फोन बंद ठेवायला सांगितले, तर तो बंदच ठेवावा. एमआरआयच्या खोलीत तो कोणत्याही परिस्थितीत नेऊ नये.

प्रश्न: खाटेजवळ चार्जिंगची सोय अपुरी आहे. एक्स्टेंशन बोर्ड आणावा का?

उत्तर: विचारल्याशिवाय आणू नये, आणि चार्जरसाठी कोणत्याही यंत्राचा प्लग कधीही काढू नये. रेंज कमी असली की फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो आणि बॅटरी लवकर उतरते, म्हणून पॉवर बँक जवळ असावी. ऑक्सिजन सुरू असलेल्या रुग्णाच्या अंथरुणात किंवा उशीखाली फोन चार्ज करू नये. ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेल्या हवेत लहानशी ठिणगीही झपाट्याने पेट घेते.