भेट झाली, पण उपयोग झाला का?

बाळंतिणीच्या घरी होणाऱ्या भेटींचा खरंच फायदा होतो का, हे तपासायचं कसं, याबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातले चार घेते.

प्रश्न : मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशा सेविकांच्या कामावर देखरेख करते. आमच्या आशांच्या नवजात बाळांच्या भेटी जवळजवळ शंभर टक्के पूर्ण आहेत. तरी बैठकीत विचारतात, ‘फायदा काय झाला?’ काय दाखवू?

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसाची आणखी एक. त्या झाल्या की आशाला २५० रुपये. पैसे फॉर्मवर निघतात, त्यामुळे फॉर्म भरलेला असणारच. एका गावात मी ओसरीवर वीसेक फॉर्म घेऊन बसले होते. प्रत्येक बाळाचं तापमान ९८.४! थर्मामीटर बघू म्हटलं, तर ताईंनी पिशवीतून काढून हातात दिला. सेल कधीचा संपलेला, आणि नवा मागून चार महिने झाले होते. आता दोष कुणाला देणार?

वजनंही अशीच पाहा. २५०० ग्रॅमच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात, त्याच्याकडे जास्त फेऱ्या माराव्या लागतात. तुमच्या रजिस्टरात नेमक्या २५०० वर गर्दी आणि २४०० ला शुकशुकाट असेल, तर वजन काट्याने नाही, पेनाने झालंय. दहा घरं चिठ्ठी टाकून निवडा आणि भेटीनंतर दोन दिवसांत स्वतः जा. आईला विचारा : बाळाला झोळीत घालून वजन केलं का? श्वास मोजताना ताई मिनिटभर तरी बसल्या का? काय दिसलं तर लगेच दवाखान्यात यायचं म्हणाल्या? नुसतं ‘ताई येऊन गेल्या का’ विचारलंत तर ‘हो’च म्हणतील. गावातलीच बाई ती, नाही कशाला म्हणतील?

प्रश्न : आमची संस्था कमी वजनाच्या बाळांच्या घरी जाते. सहा महिन्यांत सगळ्यांचं वजन वाढलं. एवढा पुरावा पुरेसा नाही का?

नाही. सहा महिन्यांत बाळाचं वजन वाढतंच, तुम्ही गेला नसतात तरी काहीतरी वाढलं असतं. किती, ते कळायला तुलना लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली, तेव्हा शेजारची ४७ गावं तुलनेसाठी धरली आणि तिथलेही जन्म-मृत्यू मोजले. त्यामुळेच १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं आलं, तेव्हा ‘तो एरवीही घटलाच असता’ असं म्हणायला जागा उरली नाही. पुढे २०११पासून हेच काम देशभरातल्या आशांकडे आलं.

तुम्ही पुढच्या वर्षी नवी गावं घेणार असालच. कुठे आधी जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मागे राहिलेली गावं ही तुमची तुलना. वजन मात्र दोन्हीकडे सारख्याच काट्यावर करा, आणि भेटी देणाऱ्या बाईकडून नको.

आणि ‘सगळ्यांचं’ म्हणजे कुणाचं? सुरुवातीला नोंदलेल्या किती बाळांचं? पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सासरच्या आशाला बाळ दिसतच नाही. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात, बाळ कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, आणि आई फडात. ज्यांना धोका जास्त, तीच बाळं वजनाच्या दिवशी गैरहजर असतात. सापडली नाहीत म्हणून त्यांना छेदातून वगळलंत, तर टक्का छान दिसेल आणि खोटा असेल.

प्रश्न : भेटी सुरू झाल्यापासून आमच्या भागात आजारी बाळांचा आकडा वाढला. कार्यक्रम उलटा पडला का?

बहुधा नाही. बघायला माणूस जाऊ लागला म्हणून आजार दिसू लागला. बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून नसलेली मोजमापं घ्या : मृत्यू, वजन.

प्रश्न : मी समाजकार्याची विद्यार्थिनी. नर्सने घरी जाण्याचा कार्यक्रम अमेरिकेत यशस्वी झाला, तोच इंग्लंडमध्ये फसला. खरं कोणाचं मानू?

दोघांचंही. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा इथे डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ४०० पहिलटकरणींवर हा प्रयोग सुरू केला. पंधरा वर्षांनी पाहिलं तर भेटी मिळालेल्या घरांत मुलांच्या छळाच्या, हेळसांडीच्या नोंदी जवळपास निम्म्या होत्या. इंग्लंडमध्ये १,६४५ किशोरवयीन पहिलटकरणी घेतल्या. गरोदरपणातलं धूम्रपान, बाळाचं जन्मवजन, दोन वर्षांच्या आत पुन्हा दिवस जाणं, बाळाला तातडीने दवाखान्यात न्यावं लागणं, या चारही बाबतींत फरक दिसला नाही. मुलं शाळेत गेल्यावर त्यांच्या शाळेच्या तयारीत थोडा फायदा आढळला, छळ कमी झाल्याचं मात्र नाही.

एक मोठं कारण तुलनेच्या गटात आहे. इंग्लंडमधल्या त्या दुसऱ्या गटाकडेही सरकारी सुईण आणि आरोग्यसेविका फुकट जात होत्याच. भरल्या ताटात आणखी एक पोळी वाढली, तर भूक किती भागली हे कसं दिसणार?

म्हणून प्रबंधात पहिल्यांदा हे लिहा की तुलनेतल्या बाईच्या दारात एरवी कोण येतं. आपल्याकडे आशा, अंगणवाडीताई, एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सबाई). आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला येणारी बाई विसरू नका. सासू ऐकते ती तिचंच.