क्लॅरिनेटला कार्बन फायबरचं बॅरल घ्यावं का?

नाशिकच्या पावसात लाकडी बॅरल (तोंडाकडचा भाग आणि क्लॅरिनेटचा वरचा भाग जोडणारा आखूड तुकडा) सांध्यात अडकून बसतं म्हणून विचारताय, तर जरूर घ्या. कार्बन फायबर दमट हवेत फुगत नाही, थंडीच्या कोरड्या हवेत तडकतही नाही. बुफे क्रॅम्पॉ या फ्रेंच कंपनीच्या ग्रीनलाइन क्लॅरिनेटमध्ये ब्लॅकवूड या लाकडाच्या भुकटीत कार्बन फायबर मिसळतात, ते याचसाठी.

मात्र लांबी आणि आतल्या भोकाचं माप जुन्या बॅरलशी नीट जुळवा. बी फ्लॅट क्लॅरिनेटला बहुधा ६५-६६ मिमी लागतं. मिलिमीटरभर आखूड झालं तरी सूर चढतो. आवाजाचा पोतही मटेरियलपेक्षा या मापावरच जास्त ठरतो. कार्बन फायबरच्या लिगेचरवर (रीड म्हणजे आवाज काढणारी बोरूची पट्टी, ती जागेवर आवळणारी कडी) खर्च नको, त्या पैशांत चांगल्या रीड घ्या.

आणि वाजवून झालं की सांध्यातलं पाणी लगेच पुसा. बॅरलच्या आत बसणारं वरच्या भागाचं टोक अजून लाकडाचंच आहे, ते फुगणारच.