पुण्यात नाटक बघायला नवे आहात? मग एवढंच सांभाळा

पहिल्याच महिन्यात दहा नाटकांची यादी करू नका, दोन पुरेत. सुरुवात बालगंधर्वपासून करा. १९६८ सालचं नाट्यगृह, आणि आवारातच कलादालन. संध्याकाळच्या प्रयोगाला तासभर आधी जा, चित्रं बघा. चित्रकार बहुधा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. बिचकू नका, बोला.

नवखे इथे चुकतात:
- जाहिरातीत तारीख बघतात, वेळ नाही. दुपारी साडेबाराच्या प्रयोगाला रात्री आलेले मी पाहिलेत!
- स्वस्त म्हणून कडेची खुर्ची घेतात. मीही घेतली होती. अख्खा अंक अर्धाच रंगमंच दिसला.
- तिसऱ्या घंटेनंतर, म्हणजे नाटक सुरू झाल्यावर, धडपडत आत शिरतात.

प्रायोगिक नाटकं, सुदर्शन रंगमंच वगैरे नंतर. मध्यंतरात बटाटेवड्याला मात्र लगेच पळा, रांग लागते.